फ्लॉपीवरचा ब्राउझर आणि कुरडयांचं प्रमाण

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी साताऱ्यात एका कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला होते. धाकटी बहीण सांगलीला आई-बाबांजवळ राहून माधवनगरच्या शाळेत शिकवत होती. तिचा नवरा अपघातात गेला त्याला काही वर्षं झाली होती आणि आता पुन्हा लग्न करायचं तिच्या मनात होतं. तिची अट एकच होती. ती स्वतः ‘हो’ म्हणेपर्यंत कुणालाही कळता कामा नये. आई-बाबांनासुद्धा नाही.

अट वाजवी होती. आधी एकदा स्थळ आलं होतं, तेव्हा तिनं तोंड उघडायच्या आत मावशीनं साडी कुठल्या दुकानातून घ्यायची ते ठरवून टाकलं होतं. ही नको म्हणाली. मग पुढं वर्षभर भाजी घेताना, देवळात, शाळेच्या स्टाफरूममध्ये ‘का गं नको म्हणालीस?’ याला उत्तरं देत बसली. या खेपेला तिला आधी स्वतःशी विचार करायचा होता, गल्लीशी नंतर.

मला कुठलंही काम मुद्दे पाडून करायची सवय आहे. पहिला मुद्दा स्थळाचा. तो लवकर मिटला. लग्नं जुळवणाऱ्या एका वेबसाइटवर मी ग्रंथालयातल्या संगणकावरून तिची माहिती भरली आणि थोड्याच दिवसांत धारवाडहून एकाची मेलवर पत्रं येऊ लागली. बियाण्यांच्या प्रयोगशाळेत काम, घर मराठी, पहिली बायको आजारपणात गेलेली. मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायचा, त्यामुळे प्रत्येक वाक्य दोनदा वाचावं लागे. पण माणूस सरळ वाटला. पहिल्याच पत्रात त्यानं आपल्याला पोळ्या येत नाहीत, भाकरी येते, असं कळवलं होतं.

दुसरा मुद्दा अवघड होता. बहिणीनं ही पत्रं वाचायची कुठं? सांगलीत घराजवळ एकच नेट कॅफे होता आणि तो चालवणारा आमच्याच गल्लीतला. गुणी मुलगा, पण सगळ्यांची कामं घरची समजायचा. बहुतेकांची मेल त्याच्याच खात्यावर यायची. आली की तो प्रिंट काढून घरपोच द्यायचा आणि वाटेत भेटेल त्याला मजकूरही सांगायचा. गल्लीतल्या एका मुलीला बंगळूरला नोकरी लागली, ते तिच्या आईला दूध घेताना डेअरीवर समजलं. मुलगी अजून कॉलेजातून यायची होती. यात दुष्टावा काडीचा नव्हता. आनंदाची बातमी दाबून कशाला ठेवायची, एवढंच.

आपण वेगळं खातं काढलं तरी माग राहायचा. पत्त्याच्या पट्टीशेजारचा बाण दाबला की आधी कोण काय पाहून गेलं त्याची ओळ उघडे. त्यात लग्नाच्या वेबसाइटचं नाव दिसलं असतं, तर संध्याकाळच्या आत मावशी पुन्हा साडीच्या दुकानात पोचली असती.

उपाय एका संगणकविषयक मासिकासोबत आलेल्या सीडीवर सापडला. एक छोटा ब्राउझर होता, अख्खा एका फ्लॉपीत मावणारा. तो संगणकावर बसवायला लागत नसे, थेट फ्लॉपीवरून चाले. कुठं गेलो याच्या नोंदी आणि वाचलेल्या पत्रांच्या प्रती तो स्वतःच्याच फोल्डरमध्ये, म्हणजे फ्लॉपीवरच ठेवायचा. फ्लॉपी काढून पर्समध्ये टाकली की मागं काही उरत नसे. मी आधी खात्री करून घेतली. ग्रंथालयात तो चालवला, फ्लॉपी काढली, मग नेहमीचा ब्राउझर उघडून बाण दाबला. आमचं काही नव्हतं. एका कामासाठी पाचगणीच्या एका शाळेत गेले होते, तिथल्या संगणकावरही करून पाहिलं. तिथंही चोख. आपलं घर आपल्यासोबत नेऊन दुसऱ्याच्या अंगणात बसावं आणि उठताना झाडून निघावं, असं ते होतं.

दोन प्रती केल्या, एक माझी, एक तिची. फ्लॉपीवर काहीतरी लिहायला हवं, नाहीतर कोरी समजून कुणी पुसून टाकेल. कॅफेतल्या मुलांना ज्यात रस वाटणार नाही असं नाव मी शोधलं आणि तिच्या फ्लॉपीवर ठळक अक्षरांत लिहिलं: ‘कुरडयांचं प्रमाण’.

काही महिने सुरळीत गेले. फ्लॉपीचा खरखराट मोठा होता.

“ताई, ह्यात दळण घातलंय का?” कॅफेवाला विचारायचा. “आमचा चांगला ब्राउझर हाय की, त्यात बघा. लय हळू चालतंय तुमचं.”

“असू दे. मला घाई नाही,” बहीण म्हणायची आणि वाचत बसायची.

मग एका शुक्रवारी तिचा फोन आला. “ताई, लाईट गेली, मला शाळेची बस धरायची होती, मी उठून गेले. फ्लॉपी आतच राहिलीय.”

पुढं काय झालं असणार हे मला फोनवरच कळलं. लाईट आल्यावर संगणक फ्लॉपीवरूनच सुरू व्हायला बघणार, जमलं नाही की कुरकुरणार, मग तो मुलगा फ्लॉपी काढणार. नाव वाचणार. दुकानात दुपारी त्याची आई गल्ल्यावर बसते. आणि फेब्रुवारी संपत आला होता, घरोघरी वाळवणांची तयारी सुरू होती.

“तू नाव तरी दुसरं द्यायचंस,” बहीण म्हणाली. “सांगलीत या दिवसांत कुरडयांचं प्रमाण कोण न उघडता ठेवेल?”

शनिवारी सकाळच्या एसटीनं मी सांगलीला गेले. वाटेत योजना आखली. आत जायचं, फ्लॉपी मागायची, प्रमाण नंतर कागदावर लिहून देते म्हणायचं, बाहेर पडायचं. स्टँडवर घ्यायला आलेल्या बहिणीनं ती ऐकून घेतली आणि कॅफेकडं चालू लागली.

आम्ही दोघी आत शिरलो तर गल्ल्यावर काकू, त्या मुलाची आई. मागच्या टेबलांवर तीन-चार गिऱ्हाइकं.

“या, या कुरडईवाल्या!” काकू म्हणाल्या. “अगं, पोराला म्हटलं उघड, ह्यांच्या आईच्या कुरडया कशा पांढऱ्याशुभ्र होत्यात ते तरी बघू. तर ह्यात गव्हाचा दाणा न्हाई! कुणाचं तरी पत्रच निघालं.”

“आई, गप की,” मुलगा पुटपुटला. त्यानं फ्लॉपी पुढं केली आणि मान खाली घातली.

“म्या वाचलं न्हाई बाई. इंग्रजी अक्षरं. पर ह्यो वाचून कानापातूर लाल झालाय.”

मी तोंड उघडलं. योजनेतलं वाक्य तयार होतं. बहिणीनं माझ्या दंडावर हात ठेवला.

“काकू, ते माझं पत्र आहे,” ती म्हणाली. “धारवाडचं स्थळ आहे. मी सहा महिने त्याच्याशी पत्रानं बोलतेय. कुणाला सांगितलं नव्हतं, कारण माझं ठरत नव्हतं.”

मागच्या गिऱ्हाइकांनी माना वळवल्या.

“मग आता?” काकूंनी विचारलं.

“आता ठरलंय. परवाच ठरलं होतं. सांगायला सुरुवात कुठून करायची ते कळत नव्हतं, ती तुमच्यापासून झाली.”

“बरं केलंस,” काकू म्हणाल्या. “माझ्या तोंडाच्या भरवशावर राहू नको, ते माझं मलाच आवरत न्हाई. दुकान बंद करूस्तवर थांबते. तेवढ्यात घरी जाऊन सांग.” मग लेकाकडं वळून: “आणि तू रं? तुझं तोंड?”

“म्या काय वाचलंच न्हाई,” तो म्हणाला आणि सगळे हसले.

बहीण मात्र निघाली नाही. रिकाम्या टेबलाशी बसली, कॅफेचाच ब्राउझर उघडला आणि सगळ्यांसमोर उत्तर लिहिलं. पुढच्या रविवारी घरी या. माझ्या आई-बाबांना भेटा.

घरी चालत जाताना ती माझ्या पुढं होती, आणि मी भरभर चालणारी म्हणून ओळखली जाते. बाबा ओसरीत रेडिओची बॅटरी बदलत होते. तिनं उभ्यानंच सगळं सांगितलं. नाव, काम, त्याची पहिली बायको, भाकरी येते आणि पुढच्या रविवारी घरी बोलावलंय तेसुद्धा. आई आतून हात पुसत आली आणि दारातच टेकून उभी राहिली. बाबांनी बॅटरी नीट बसवली, झाकण लावलं.

“धारवाडची गाडी मिरजेला येते,” ते म्हणाले. “घ्यायला कोण जाणार?”

“मी,” बहीण म्हणाली.

आईनं पदर डोळ्यांना लावला, मग तोच कमरेला खोचला आणि मला म्हणाली, “तू रजा टाक. रविवारी तू इथं पाहिजेस.”