भाजी काय केली?

आमच्या सोनोग्राफीच्या मॅडम पोटावर यंत्र फिरवताना प्रत्येकीला विचारतात, "आज भाजी काय केली?" उत्तराकडे त्यांचं लक्ष नसतं. बाई जरा सैल पडावी, एवढ्यासाठीच तो प्रश्न. मी त्यांची मदतनीस, मला हे पाठ आहे.

परवा सटाण्याहून एक पोर आली. दुसरा महिना चालू होता. पोटाबरोबर खांदाही दुखतोय म्हणाली.

"कांदे भरताना लचकला असंल," सासू म्हणाली.

पडद्याकडे बघता बघता मॅडमनी यंत्र एका जागी रोखलं. मग म्हणाल्या, "गर्भ पिशवीत नाही, नळीत आहे. नळी फुटलीय. पोटात रक्त साचलंय, म्हणून खांदा दुखतोय."

चपला न घालताच त्यांनी स्ट्रेचर ऑपरेशन थिएटरकडे ढकललं. पोरीचे डोळे मिटत होते.

"भाजी काय केली गं?"

"शेवग्याची..."

"कशी केली? सांग ना मला!"

त्यांना पुढचं विचारताना मी पहिल्यांदाच ऐकलं.