दादाचा कोटा

आमच्या गावात घरटी एक तरी माणूस फौजेत. त्यामुळे कुणाला मान द्यायचा तर तो कसा, हे ठरलेलंच. वायरमनने तार जोडून दिली, डॉक्टर घरी येऊन गेला, की त्याच्या हातात फौजी कॅन्टीनची रम ठेवायची. ती दारू आहे, असं कुणाच्या मनातही येत नसे.

दादाची गाडी सरहद्दीवर दरीत कोसळली आणि डावा पाय मांडीपासून गमावून तो घरी आला. तेव्हा भेटायला येणाऱ्यांनी हीच रीत पाळली. आजाऱ्याला लोक फळं नेतात. दादाच्या दोस्तांनी बाटल्या आणल्या. आधी तो फारसा घेणारा नव्हता. पण नसलेल्या पायाची बोटं दिवसभर ठणकायची आणि दोन घोट पोटात गेले की थांबायची. आम्हाला हायसं वाटायचं. कृत्रिम पायाने मांडीला जखमा झाल्या, तसा तो पाय त्याने कपाटामागे टाकला. अंगणापलीकडे जाणंही सोडलं.

मग फौजी म्हणून त्याला मिळणाऱ्या बाटल्यांचा महिन्याचा कोटा आणायचं काम माझ्याकडे आलं. दादाला रांगेत उभं राहता येत नाही म्हणून मीच अर्जविनंत्या करून परवानगी मिळवली. त्याचं कार्ड आणि सहीचं पत्र घेऊन दर महिन्याला साताऱ्याच्या कॅन्टीनला जायचो. भावासाठी एवढं करतो, याचा मला केवढा अभिमान! गाढव होतो मी. त्याच्या दुखण्यासाठी त्याला मोठ्या डॉक्टरकडे न्यायला मला कधी सुट्टी मिळाली नाही. कॅन्टीनची फेरी मात्र एकदाही चुकवली नाही.

एकदा वहिनीने मला गोठ्यापाशी गाठलं. म्हणाली, "भावजी, या महिन्याला जाऊ नगा. आता तोंड धुवायच्या आधी लागती त्यास्नी."

मी उलट तिलाच सुनावलं. माणसाचा पाय गेलाय, एवढं तरी सुख राहू दे त्याला, असं काहीबाही बोललो. ती पुन्हा त्या विषयावर बोलली नाही, आणि मला वाटलं, पटलं तिला.

गेल्या वर्षी दादाचं पोट फुगलं, डोळे पिवळे झाले. सांगलीच्या दवाखान्यात आम्ही त्याला चादरीत घालून उचलून नेलं. तिथली डॉक्टर तरुण होती. यकृतात आता काही उरलं नाही, असं तिने सरळ सांगितलं. मग चिडून विचारलं, यांना धड उभं राहता येत नाही, मग इतकी वर्षं दारू आणून देत कोण होतं?

वहिनी खाली बघत राहिली. मी दादाची चादर सारखी करू लागलो. तेवढ्यात दादाने डोळे उघडले.

"मीच जायचो, डॉक्टर," तो म्हणाला. "कुबड्या हायत की माझ्याकडं."

डॉक्टरचा विश्वास बसला की नाही, कोण जाणे. ती पुढच्या खाटेकडे गेली. दादाने माझ्याकडे पाहिलं आणि पाणी मागितलं. मी चमच्याने पाजलं.

तो त्यानंतर नऊ दिवस होता. डॉक्टर रोज दोनदा येत होती. वहिनी तर माझ्या शेजारीच बसलेली असायची. खरं सांगायला मला भरपूर वेळ होता.