यशवंत सरांच्या हातून गेलेल्या विमलताई

माझ्या कॅप्टनच्या हातून एक बाई गेली होती.

आज सकाळी माकणीला कॅप्टनही गेले. किडनीचा आजार होता.

सकाळपासून पायलटांच्या ग्रुपवर सगळे त्यांना हिरो म्हणतायत. म्हणून लिहितेय. त्या दिवशी मी त्यांची को-पायलट, शेजारच्या सीटवर होते.

मी मुरुमची, सर माकणीचे. एकाच जिल्ह्यातली दोन माणसं एका कॉकपिटमध्ये, याचं त्यांना फार कौतुक. कंपनीत इंग्रजी, माझ्याशी मात्र घरचं बोलणं. मला ‘पोरी’ म्हणायचे.

बहात्तरच्या दुष्काळात सर बारा वर्षांचे होते. आईबरोबर पाझर तलावाच्या कामावर दगड वाहिले, सुकडी खाऊन दिवस काढले. पुढं वडील सहकारी साखर कारखान्याच्या गेटवर वॉचमन लागले, तेव्हा घरात दोन वेळची चूल पेटली. सर शिकले, हवाई दलात पायलट झाले, तिथून एअरलाइनला आले.

त्या दुपारी आम्ही मुंबईहून हैदराबादला चाललो होतो. आभाळ स्वच्छ. सरांनी सीटबेल्टचा साइन बंद केला होता. मागं चहा वाटणं चालू होतं.

“ट्रॅफिक, ट्रॅफिक.”

मशीन बोललं. म्हणजे दुसरं विमान जवळ आलंय. सरांनी हातातला कप खाली ठेवला. आम्ही दोघं बाहेर बघायला लागलो. काहीच दिसेना.

“डिसेंड, डिसेंड.”

म्हणजे आत्ताच्या आत्ता खाली जा. आणि त्याच क्षणी कानात कंट्रोलरचा आवाज, “क्लाइम्ब!”

वर जा.

मी सरांकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. ऑटोपायलट काढला आणि विमान खाली ढकललं.

नियम तोच आहे. दोन्ही विमानांची मशीन आपसात बोलून ठरवतात, एकानं वर जायचं, एकानं खाली. माणूस काहीही सांगो, मशीनचं ऐकायचं.

दुसरं विमान आमच्या डोक्यावरून गेलं. त्याच्या पोटावरची अक्षरं मी वाचली. इतकं जवळ.

आम्ही वर गेलो असतो तर आज हे लिहायला मी नसते.

“क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट.” मशीन म्हणालं. धोका टळला.

सरांनी विमान सरळ केलं. मी हसले. खरंच हसले, भीतीनं.

मग मागून इंटरकॉम वाजला. एअरहोस्टेस रडत होती. “मॅडम, टॉयलेटमधून परत येणाऱ्या एक बाई वर छताला आदळल्या. मानेवर पडल्यात. हलत नाहीयेत.”

त्या विमलताई. रिटायर्ड शिक्षिका. मुंबईत लेकीकडं राहून घरी चालल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये वारल्या.

चौकशी झाली. सरांवर ठपका नाही. उलट, निर्णय अचूक आणि तत्काळ, असं लिहिलं. फक्त एक वाक्य होतं : विमान खाली नेताना गरजेपेक्षा जास्त जोर लावला गेला.

ते वाक्य सरांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

मी म्हणाले, “सर, तुम्हीच सांगितलं होतं ना, तलावावर सुरुंग उडायच्या आधी शिट्टी वाजायची अन् आई तुम्हाला हिसडा मारून ओढत पळायची. एकदा तर तुमचा खांदाच निखळला. ती सवय अंगात असणार. तुमची चूक न्हाय.”

“म्या काय बारा वर्षांचा होतो का तवा? पस्तीस वर्षं हातात विमान हाय. मशीननं जेवढं सांगितलं तेवढंच करायचं व्हतं.”

कंपनीच्या वकिलानं बजावलं होतं, त्या घरी जायचं नाही. तीन महिन्यांनी सर गेले. मी सोबत.

दार विमलताईंच्या मिस्टरांनी उघडलं. आत बसा म्हणाले नाहीत.

“तुम्ही चालवत होता?”

“हो.”

“पट्टे बांधायची सूचना दिली होती?”

“नाही. आभाळ साफ होतं. मीच साइन बंद केला होता. आणि विमान मी जोरात खाली घेतलं. इतक्या जोराची गरज नव्हती.”



“हे मला कशाला सांगितलंत?”

सरांनी हात जोडले.

“आता या तुम्ही.”

दार लागलं. सर जिना उतरताना दर पायरीवर थांबत होते. मी हात धरला तर म्हणाले, “सोड. चालतो म्या.”

त्यानंतर त्यांनी प्रवासी विमान उडवलं नाही. सिम्युलेटरवर पोरांना शिकवायला लागले. फक्त हा एक धडा इतक्या वेळा करून घ्यायचे की पोरं वैतागायची. खाली जायचा वेग दाखवणारी सुई हिरव्या पट्टीत न्यायची. पट्टीच्या पलीकडं न्हाय. मागं माणसं उभी असतात.

काही वर्षांनी मी कॅप्टन असताना मलाही तेच ऐकू आलं. “डिसेंड, डिसेंड.”

हात हलकाच ठेवला. दुसरं विमान निघून गेलं.

लँडिंगनंतर पहिला फोन सरांना केला. सगळं सांगितलं. किती जवळ होतं, कुणाची चूक, काहीच विचारलं नाही त्यांनी.

“कुणी पडलं का?”

“न्हाय सर. कुणीच न्हाय.”

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. “बरं,” म्हणाले, आणि फोन ठेवला.

गेल्या महिन्यात माकणीला भेटायला गेले तेव्हा खाटेवर उठून बसता येत नव्हतं. म्हणाले, “म्या गेल्यावर लोक कायबी लिहितील. तू बाईचं नाव लिही.”

लिहिलंय, सर.

आज ज्यांना हात जोडायचे असतील त्यांनी दोघांसाठी जोडा. विमलताई आणि कॅप्टन यशवंत.

जय भीम, सर. या आता.