पानाची पाठ

आम्ही डहाणूचे मासेवाले. पापलेटाचा कल्ला उचलला की मासा आजचा की कालचा हे आमच्या घरात कुणालाही कळतं. मेथीची जुडी हातात दिली की मात्र आमची पिढ्यान्‌पिढ्यांची हुशारी संपते. लग्नानंतर बायको तापाने पडली तेव्हा मी पहिल्यांदा मेथी धुतली. मला धुता येते तशीच धुतली, म्हणजे बोंबलांसारखी. मूठभर खडेमीठ टाकून, खसाखसा चोळून. बायको पांघरूण लपेटून उठली आणि तिने टोपात डोकावून पाहिलं.

"भाजी धुतलीत की धोतर?"

"एक तरी अळी राहिली असेल तर दाखव," मी म्हणालो.

"अळी कशाला राहील? पानच कुठं राहिलंय?"

ती गंजाडकडची, भातशेती करणाऱ्या घरातली. लग्न आमचं आम्हीच जुळवलेलं. त्यामुळे घरात सरळ वाटणी झाली: मासळी माझी, भाजी तिची. तिचं भाजी निवडणं म्हणजे जवळजवळ पूजा. मागच्या दारी, जिथं ऊन येतं तिथं पाट टाकून बसायचं. पान सुलट्या बाजूने बघून उपयोग नाही, पानाची पाठ बघायची. फ्लॉवरचे तुरे मीठ-हळदीच्या कोमट पाण्यात उलटे बुडवून ठेवायचे. मेथी धुताना पाणी ओतून द्यायचं नाही, माती खाली बसू द्यायची आणि भाजी अलगद वर उचलायची. पानावर सापडलेली जिवंत अळी ती तळहातावर घ्यायची आणि कुंपणाच्या मेंदीवर सोडून यायची. मी हसलो की म्हणायची, "तुम्हा खाडीवाल्यांना माशाचेच डोळे दिसतात."

आणखी एक नियम तिने माहेराहून आणला होता. ज्या भाजीत अळी नाही, ती भाजी घ्यायची नाही. अळी खाते ते आपण खावं. अळीने सोडलेलं, ते औषध मारलेलं.

मग बऱ्याच वर्षांनी साखरेने तिचे डोळे धरले. समोर मधोमध काळा डाग, कडेकडेचं तेवढं दिसायचं. वापीच्या डॉक्टरांनी डोळ्यांत इंजेक्शनं दिली आणि शेवटी गुजराती वळणाच्या मराठीत सांगितलं, "जे गेलं ते गेलं, बेन. उरलंय ते सांभाळू." येताना तलासरीला गाडी बदलायला उतरलो. मला वाटलं, आता ही रडेल. ती नाक्यावरच्या भाजीवालीपुढे जाऊन बसली आणि फ्लॉवर चाचपायला लागली.

"कीड आहे ना गं यात?"

भाजीवालीला राग आला. "काय बोलता, ताई! पावडर मारलेली आहे. एक अळी निघाली तर पैसे परत."

बायकोने तो गड्डा खाली ठेवला आणि शेजारच्या दुसऱ्या भाजीवालीकडचा पोखरलेला, कोपऱ्यात टाकलेला एक गड्डा उचलला. गाडीत ती तो मांडीवर घेऊन बसली होती.

दुसऱ्या दिवशी मागच्या दारी बसून तिने तो स्वतःच निवडला. डोळ्यांचं काम बोटांना दिलं होतं. जेवताना माझ्या ताटात, बटाट्याच्या फोडीला टेकून, एक अळी निघाली. चांगली शिजलेली, फिकट हिरवी. शेजारी जेवणाऱ्या आमच्या लेकीने पाहिली. तिने माझ्याकडे पाहिलं. समोर बायको वाट बघत होती.

"कशी झालीये?"

"झकास," म्हणालो, आणि घास तोंडात टाकला. आजवर सुकट, करंदी, नको नको ते खाल्लंय, तिथं अळीचं काय मोठंसं! लेक मात्र पाणी प्यायला म्हणून उठली ती बराच वेळ आलीच नाही.

त्यानंतर मी चोरून तपासू लागलो. "टोप जड आहे, मी उचलतो," म्हणायचं आणि मोरीत जाऊन तिने निवडलेली भाजी पुन्हा निवडायची. अळ्या निघायच्या. मला सापडायच्या तेवढ्या तरी. माझा चष्मा असून नसल्यासारखा, तेव्हा न सापडलेल्या पोटात जात असणारच. पण देठं एका बाजूला लावून ठेवायची तिची सवय, आणि मी भाजी परत ठेवायचो ती जाळ्यातल्या मासळीसारखी, कशीही. एक दिवस तिने टोपात हात घातला आणि तिथंच थांबली.

"आज किती निघाल्या?"

"एकही नाही. तू निवडल्यावर निघतील कशा?"

"फ्लॉवरात एकही नाही? मग टाकून द्या. विषारी आहे."

आता काय बोलणार? निघाली म्हणावं तर तिच्या हातून राहिली, नाही म्हणावं तर भाजी खाण्यालायक नाही. तिनेच टोप माझ्याकडे सरकवला आणि पाट उचलून भिंतीला टेकवून ठेवला.

तेव्हापासून आमच्याकडे दुधी. दुधी, भोपळा, बटाटा. सोलायचं आणि चिरायचं. पानाला पाठ असते हे घरात कुणी बोलत नाही.

परवा वाणगावची मेथी दिसली, कोवळी. मी घेऊन आलो. पाट काढला, उन्हात टाकला, तिला हाताला धरून शेजारी बसवलं. प्रत्येक पान उलटून बघितलं. पाठ बघितली, देठ बघितलं. काही नव्हतं, किंवा मला दिसत नव्हतं. ती मान माझ्या दिशेला वळवून ऐकत बसली होती. मला राहवलं नाही.

"अरे! ही बघ, एक निघाली."

तिचा चेहरा उजळला. तिने तळहात पुढे केला.

"द्या इकडे. मी सोडून येते मेंदीवर."

मी परातीतली पानं भराभर उलटली. पुन्हा उलटली. तो हात तसाच, उन्हात, उघडा. शेवटी म्हणालो, "पडली गं कुठंतरी."

तिने हात मागे घेतला, पदराला पुसला.

"दुधीच बरा," ती म्हणाली.