डोळ्यांच्या गाडीचं वाकडं छत

आमचं मालक जाऊन आज दीड महिना झाला. येणारा-जाणारा म्हणतो, लय भला माणूस व्हता. व्हतं खरं, पर नुसतं भला म्हणलं की माणूस डोळ्यापुढं येत न्हाई. म्हणून छताची गोष्ट सांगते. लेकीनं, पल्लवीनं, मोबाईलवर मराठी कसं उमटवायचं ते दावलंय, तवा बोलते तसंच लिवते. त्यांचं नाव नाथाजी. जन्मात तोंडानं घेतलं न्हाई, आता बोटानं घेते.

मूळचं आटपाडीकडचं धनगर. मेंढरं थोरल्या दिरानं राखली, हे माधवनगरला मिलमधी लागलं. मागावर जॉबर, म्हंजी माग बिघडला की नीट करणारा माणूस. मिल बंद पडली आन चार वर्सं ह्येनी घरात बसून गल्लीतली घड्याळं, मिक्सर, कुलपं उघडली. उघडायची हौस लय. परत बसवताना एकांदा स्क्रू उरायचाच. तो डब्यात टाकायचा आन म्हणायचं, कंपनीनं जास्तीचा दिला व्हता.

पंच्याण्णव साली डोळं तपासायच्या गाडीवर डायव्हर म्हणून लागलं. ती गाडी परदेशातली. तिथली माणसं म्हणं गाडीतच घर करून हिंडत्यात. आत शेगडी, बिछाना, मोरी, सगळं. कुणीतरी ती सांगलीच्या एका संस्थेला दिली, मग बिछाना काढून डोळ्याची मशिनी बसवली. बाजूला वरच्या अंगाला एक कापडी छत रुळावर गुंडाळल्यालं. बटन दाबलं की मोटर फिरायची आन कोंबडीनं पंख काढावा तसं छत भाईर यायचं. त्याच्या सावलीत म्हातारी माणसं नंबर लावून बसायची. आटपाडीकडं बाभळीखाली सुदिक ऊन पडतं, तिथं ह्ये छत म्हंजी मोठी गंमत. निम्मी माणसं ते उघडताना बघायलाच यायची. बिराप्पा म्हणून एक म्हातारा व्हता, तो आधी दोन येळा छत उघडाय लावायचा, मग डोळं दावायचा.

सत्त्याण्णवच्या दसऱ्यानंतर छत वाकडं चालाय लागलं. मिटताना डावा कोपरा आधी येऊन बसायचा, उजवा दोन बोटं भाईर. मोटर घुरघुरायची आन थांबायची. एकदा तर मिटंचना, दोरीनं बांधून बैलगाडीच्या चालीनं सांगलीला आणली. साताऱ्याहून मिस्त्री आला, म्हणला मोटर गेली, परदेशातनं यायला सहा महिनं लागतील. संस्थेचं साहेब म्हणालं, बुधवारी आटपाडीचा कॅम्प हाय, तवर झालं तर झालं, न्हाईतर गाडी उभी करायची, म्हाताऱ्यांना उनात बसवायचं न्हाई. गाडी उभी म्हंजी गावं सुटली, आन डायव्हर परत घरात कुलपं उघडत. त्या दिशी मालकांनी भाकरी निम्मीच खाल्ली.

ऐतवारी गाडी आमच्या गल्लीत आणली. छत उघडल्याबरूबर शेजारची सुलाबाई सूप घेऊन खालीच निवडाय बसली, म्हणली सावली वाया का घालवा. मालकांनी स्क्रूडायव्हरचं एक टोक मोटरला लावलं, एक कानाला. मिलमधी असंच ऐकायचं. म्हणालं, मोटर चांगली हाय, मिस्त्रीनं ऐकलीच न्हाई.

रुळाच्या टोकाला दोन बारकं स्क्रू व्हतं. एक किती उघडायचं त्याचा, एक किती मिटायचं त्याचा. त्येनी पयला पिळला, आन जरा जास्तीच पिळला. बटन दाबलं तर छत उघडलं, कापड संपलं, तरी रूळ फिरतोच हाय. मग कापड उलट्या अंगानं गुंडाळाय लागलं. आता मिटायचं बटन दाबलं की उघडायचं, आन उघडायचं दाबलं की मिटायचं.

सुलाबाईनं सूप थांबवलं. "भावजी, ही तर आमच्या सुनंसारखी झाली की. सांगाल त्याच्या उलटं."

सगळी गल्ली हसली, मालकबी हसलं. कापड पार उलगडलं, आमा दोघींना ताणून धराय लावलं, स्क्रू मागं पिळला आन ते सरळ केलं. पर वाकडं ते वाकडंच.

मी च्या आणला. तो तसाच ठेवून त्येनी कापडाच्या कडंवरनं हात फिरवला, डावीकडनं, मग उजवीकडनं. मला म्हणालं, वितीनं मोज. उजवी कड दोन बोटं जास्त भरली. मग जे हसाय लागलं ते थांबंचनात. गाडीचं दार छताच्या उजव्या कोपऱ्याखाली. नंबर तिथनं सुरू. आन आमची माणसं बसायच्या आधी खांद्यावरचं घोंगडं, पिशवी, छताच्या दांडीचा जो कोपरा जवळ, त्याला अडकवणार. दोन वर्सं त्या एका कोपऱ्याला वजन. कापड ताणून लांब झाल्यालं.

"मिस्त्री मोटर धरून बसला, मी स्क्रू," म्हणालं, "आन दोष बिराप्पाच्या घोंगड्याचा."

विलाज त्येनला मिलमधनं ठावं व्हता. जिकडं कापड लांब, तिकडं रूळ जाड करायचा, म्हंजी एका फेऱ्यात जास्त कापड गुंडाळतं. त्याला पातळ, चिवट पट्टी पायजे. मी म्हणलं, दोरीवर जुनं लुगडं हाय ते घ्या. दोरीवर दोन व्हती. मी आत जाऊन आले आन बघते तर माझ्या भावानं भाऊबिजेला दिल्यालं हिरवं लुगडं, एकदाच नेसल्यालं, त्याचा पदर चार बोटं कापल्याला. डोळ्याच्या गाडीचा डायव्हर, आन त्येला नवं-जुनं दिसंना. पट्टीचं तीन वेढं देऊन बघितलं, कमी पडलं. चौथ्याला दोनी कोपरं संगं आलं. मी आठ दिवस बोलायचं न्हाई असं ठरवलं, पर बुधवारी सासरच्या गावाला फुकट जाया मिळत व्हतं, म्हणून गाडीत बसले.

आटपाडीत छत सरळ उघडलं. साहेबबी आलं व्हतं. मालकांनी दाराजवळ बाभळीची दोन फाट्यांची मेढ रवली. बिराप्पा आला, सवयीनं घोंगडं काढून छताच्या कोपऱ्याला न्यायला लागला. मालकांनी हात धरला.

"आवं, तुमच्या घोंगड्यानं माझी नोकरी चालली व्हती. आता हितं अडकवा."

बिराप्पा मेढीकडं बघत म्हणला, "मग आधी सांगायचं की रं गड्या. मला वाटलं, तो कोपरा त्येच्यासाठीच केलाय."

उघडणं सोपं, खरी परीक्षा मिटायची. तपासणी संपली तरी माणसं हालंनात. साहेब हाताची घडी घालून उभं. मालकांनी बटन दाबलं. छत आत येत गेलं, येत गेलं, आन दोनी कोपरं एकदमच बसलं, एकच आवाज झाला. साहेब म्हणालं, फुडच्या बुधवारी कुठलं गाव? मालकांनी गावाचं नाव सांगितलं, आन माझ्याकडं बघून हळूच पदराची खूण केली. मला हसू आलं. आठ दिवसाचा अबोला तिथंच मोडला.

त्याच कॅम्पात मी डाक्टरणीला सांगून त्येंचं डोळं तपासून घेतलं. चष्मा लागला. घालायचं न्हाईत, खिशात ठेवायचं.

गाडी अजून सात वर्सं चालली. मोडीत काढली तवा मालकांनी रूळ उघडून ती पट्टी तेवढी घरी आणली, धुतली, माझ्या हातात दिली. म्हणालं, तुझा पदर परत केला बघ.

परवा टरंक उघडली. त्या लुगड्याचं नेसून-धुवून पांढरं फडकं झालंय. पट्टी रुळाच्या आत व्हती, तिला ऊन लागलंच न्हाई. ती अजून हिरवीगार हाय.