तुला माहीतच आहे

आमच्या विभागात एक बाई आहेत. पुण्याच्या. माझ्यानंतर नोकरीला लागल्या आणि माझ्याआधी प्राध्यापक झाल्या. मला त्यांचा मत्सर वाटतो, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं सगळं तुम्हाला समाजशास्त्र वाटेल.

दोघांचा विषय एकच. माणसं देशाला आपला म्हणतात म्हणजे नेमकं काय म्हणतात, आणि मत कुणाला, का देतात. मी काळाचौकीच्या चाळीत वाढलेला, वडील गिरणीत. विभागात सगळे म्हणत, याला काय, घरचंच शेत. मलाही तसंच वाटायचं.

पण मी रेकॉर्डर लावून बसलो की शेजारचे काका आधी विचारणार, "आईचे गुडघे कसे आहेत?" देश म्हटलं की काय आठवतं, असं विचारलं की म्हणणार, "ते तुला काय सांगायचं? तुला माहीतच आहे." मत कुणाला दिलंत? "गप रे! तुझा बाप असता तर विचारलं असतंस?" घरोघरी हेच. "तुला माहीतच आहे" एवढ्यावर काही शोधनिबंध होत नाही.

बाईंना चाळीत मीच नेलं. हौस दांडगी! म्हटलं, बघू दे जरा, इथे आपलं किती वजन आहे ते. काकांनी त्यांना खुर्ची दिली, पंखा त्यांच्याकडे वळवला आणि सुरूच झाले. संपात कोण कुणावर उलटलं, मंडळाच्या झेंडावंदनाला कोण मुद्दाम येत नाही, एकाच घरात नवरा-बायकोची मतं कशी फुटली. हे सगळं आमच्या भिंतीपलीकडे राहत होतं आणि मला पत्ता नव्हता. मी बाजूला बसून आंबट चेहऱ्याने माना डोलावत होतो.

मग आई. तिने फळीवरचे पाहुण्यांचे कप काढले, बशीसकट. एरवी मालवणीशिवाय बोलत नाही, पण बाईंशी अगदी छापील बोलायला लागली. मध्येच माझ्याकडे लक्ष गेलं तशी थांबली. म्हणाली, "तू जा रे, दूध घेऊन ये."

दूध घेऊन आलो तर बाई डोळे पुसत होत्या. आई माझी, आणि रडणार या! माझा नुसता जळफळाट झाला. परतीच्या वाटेवर न राहवून विचारलं, काय म्हणाली आई? तर मलाच नियम ऐकवला, "मुलाखत देणाऱ्यांची परवानगी नाही. मुलाला सांगू नका म्हणाल्यात."

तो नियम विद्यार्थ्यांना मीच शिकवतो.

रविवारी एकटाच घरी गेलो. आई कांदा चिरत होती.

"त्यांना काय सांगितलंस गं?"

"तां तुका म्हायत आसा."

"नाही माहीत!" मी ओरडलो. तिने मान वर केली नाही. मी तडक गॅलरीत गेलो, चपला घातल्या आणि उघड्याच दारावर टकटक केली.

"मुलाखत घ्यायला आलोय. आत येऊ का?"

आई माझ्याकडे बघत राहिली. हसेल असं वाटलं होतं, पण हसली नाही. उठून पदराला हात पुसले.

"येवा, बसा. तुमी खंयचे?"

"पुण्याचा," मी म्हणालो.

आईने फळीवरून बशीसकट कप काढला आणि सांगायला सुरुवात केली.