साधं पेट्रोल टाकणारे चाचा

गाडी पंपाला लागली की चाचा आधी डिकीवर तळहात ठेवायचे. ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग गाडीलाच विचारल्यासारखं विचारायचे, "काय म्हनती बाई?" उत्तर अर्थातच मी द्यायचं.

मी द्यायचो. चढावर दम लागतो, सकाळी कुरकुर करते, एसी लावला की रुसते. मागच्या रांगेत हॉर्न वाजायला लागले तरी चाचा मान हलवत सगळं ऐकून घ्यायचे. बायकोच्या तब्येतीबद्दल मी डॉक्टरला कधी इतक्या तपशिलानं सांगितलेलं नाही. हे वाक्य तिनं वाचू नये अशी माझी इच्छा आहे, पण ती वाचणारच.

तुमच्याही येण्याजाण्याच्या रस्त्यावर असा एखादा पंपावरचा माणूस असेल. आपण त्याला रोज बघतो आणि तो आपल्या गाडीला आपल्यापेक्षा जास्त ओळखतो. आमचे चाचा पडेगावच्या रस्त्यावरच्या पंपावर होते. वय साठीकडे झुकलेलं, दाढीला मेंदी, डोक्यावर पंपाची निळी टोपी. वीस-बावीस वर्षं एकाच मशीनपाशी उभे राहून उजवा खांदा जरा खाली उतरला होता.

माझी गाडी लहान आहे. पिकल्या टोमॅटोच्या रंगाची, सेकंडहँड, आणि मी घेतली तेव्हाच तिच्या आधीच्या मालकाचं मन तिच्यावरून उडालेलं होतं. मी शाळेत विज्ञान शिकवतो. हे आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं माझ्या अकलेचे दिवे लागतील तेव्हा त्यांचा उजेड तुम्हाला नीट दिसेल.

पेट्रोलनं शंभरी ओलांडली तेव्हा मी घरात जवळजवळ दुखवटा पाळला होता. तेव्हापासून सकाळी उठल्यावर आधी मोबाईलवर भाव बघायचा आणि मग दात घासायचे, असा माझा क्रम आहे. वीस पैसे स्वस्त मिळतं म्हणून मी एकदा शहराबाहेर, मिटमिटा गावाच्याही पुढं गाडी नेली होती. जाऊन-येऊन किती पेट्रोल जाळलं ते बायकोनं कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलं. तो कागद महिनाभर तिथंच होता.

पंपावर गेलो की मी कधी पाचशेचं सांगत नाही. ठरलेल्या आकड्यांना मशीनमध्ये गडबड केलेली असते असं मला कुणीतरी छातीठोक सांगितलं होतं. म्हणून मी म्हणायचो, "चाचा, चारशे सतराचं टाका."

चाचा आकडे दाबता दाबता म्हणायचे, "सर, मशीनला एवढं डोकं नाय. तुमालाच हाय."

पेट्रोल सकाळी थंडाव्यात भरावं, उन्हात ते फुगतं आणि आपल्याला कमी मिळतं, हाही माझा सिद्धांत. तो मी एकदा चाचांना प्रसरणाच्या नियमासकट समजावून सांगितला. चाचांनी पूर्ण ऐकलं. मग पायानं जमिनीवर दोनदा ठोकून म्हणाले, "टाकी हितं खाली हाय सर. इहिरीतलं पानी दुपारी ऊन होतं का?"

मी त्या दिवशी वर्गात प्रसरणाचा धडा शिकवणार होतो. नाही शिकवला. मुलांना आकृत्या काढायला लावल्या.

मग ते इथेनॉलचं आलं. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात आणि त्यानं जुन्या गाड्यांचं वाटोळं होतं, असे मेसेज आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर सकाळ-संध्याकाळ पडायला लागले. ग्रुपवर एक निवृत्त इंजिनियरसाहेब आहेत. त्यांनी लिहिलं, "सुजाण माणसाने प्रीमियम पेट्रोलच भरावे." सुजाण म्हटल्यावर मी कसा मागं राहणार? दुसऱ्याच दिवशी पंपावर काच खाली करून, शेजारच्या मोटारसायकलवाल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "चाचा, भारीवालं टाका. टाकी फुल!"

चाचांनी पाइप हातात घेतला नाही. इकडं तिकडं बघितलं. मग पेट्रोलच्या झाकणापाशी वाकले आणि मला खुणेनं उतरायला लावलं.

"हे वाचलं का कधी?"

झाकणाच्या आतल्या बाजूला एक छोटा कागद चिकटवलेला होता. कोणतं पेट्रोल चालेल ते त्यावर ऑक्टेनच्या आकड्यासकट छापलेलं होतं. चार वर्षं माझी ती गाडी होती आणि तो कागद मी पहिल्यांदा बघत होतो.

"मला इंग्रजी येत नाय," चाचा हळू आवाजात म्हणाले, "पन आकडा येतो. हा आकडा साध्या पेट्रोलमदी बी हाय. भारीवालं मोठ्या गाड्यांना. ह्या बाईला साधंच पचतं. तुमचे पैसे कायकू घालवता?"

"आणि इथेनॉल?"

"ते तं दोन्हीत बी येतंय आता. आन् ते काय जहर हाय का? आमच्या गंगापूरच्या उसाचंच हाय. माझ्या मेव्हन्याचा ऊस जातो कारखान्याला. तुमची गाडी आमचाच ऊस पिती समजा!" ते हसले, पण लगेच गंभीर झाले. "एक करा सर. हे तुमच्यापाशीच ठेवा."

मग त्यांनी सांगितलं ते असं. पंपावर नवा मॅनेजर आला होता. प्रत्येक माणसानं दिवसाकाठी अमुक इतकं भारीवालं पेट्रोल खपवायचंच, असा त्याचा हुकूम होता. चाचांचा खप सगळ्यांत कमी. दोनदा समज देऊन झाली होती. तिसऱ्यांदा काही निघालं की घरी बसा.

"दीड वर्सानं मी सोडनारच हाय," चाचा म्हणाले. "धाकटीचं नर्सिंगचं तेवढं पुरं होऊ द्या. तवर टिकलं पायजे."

मी त्यांचा हात धरून म्हणालो, "चाचा, निर्धास्त राहा. माझ्या पोटातून बाहेर जाणार नाही."

माझं पोट! त्याच संध्याकाळी इंजिनियरसाहेबांनी ग्रुपवर पुन्हा प्रीमियमची टिमकी वाजवली आणि खाली तिघांनी अंगठे टाकले. माझ्या अंगाची नुसती आग झाली. मला उत्तर माहीत होतं! आयुष्यात पहिल्यांदा गाडीच्या बाबतीत मला एखादं उत्तर माहीत होतं. मी लिहिलं, "लहान गाडीला प्रीमियमची अजिबात गरज नाही. झाकणाच्या आतील कागद वाचावा." इथं थांबलो असतो तर काय बिघडलं असतं? पण वजन यायला हवं ना! म्हणून पुढं लिहिलं, "पडेगाव रोडच्या पंपावरील बावीस वर्षांचा अनुभव असलेले चाचा यांनी ही आतली गोष्ट खास मला सांगितली आहे."

सतरा अंगठे आले. मी ते दोनदा मोजले आणि सुखानं झोपलो.

चार दिवसांनी पंपावर गेलो तर मशीनपाशी चाचा नव्हते. तिथं एक बाई होत्या, त्याच पंपावर आधीपासून काम करणाऱ्या. कोपऱ्यात हवा भरायची नळी असते, तिथं स्टुलावर चाचा बसलेले दिसले. डोक्यावर टोपी होती, समोर गिऱ्हाईक नव्हतं.

"चाचांना हवेवर टाकलं," बाई म्हणाल्या. "कुन्या शहाण्यानं मोबाईलवर लिवलं म्हनं त्यांचं. फिरत फिरत मॅनेजरपाशी आलं. शनिवारी मालक येनारेत, मग फैसला."

तो शहाणा चारशे सतराचं पेट्रोल भरून, खाली मान घालून निघून गेला. हवा भरायलासुद्धा थांबला नाही. गाडीचं मागचं चाक बसलेलं होतं, तरी नाही.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. तिनं पोळी लाटायची थांबवली आणि म्हणाली, "तुमच्या पोटात आजवर काय राहिलंय? त्यांच्याकडं जा, माफी मागा. आणि मालकाला सांगा की माणूस खरं बोलला, त्याला कशाला काढता?"

किती सरळ होतं! पण सरळ गोष्ट मला सुचत नाही आणि दुसऱ्यानं सुचवली तर पटत नाही. मी दोन दिवस विचार करून जास्त हुशारीचा मार्ग काढला. खोटं मी बोलायचं. चाचा काही म्हणालेच नाहीत, सगळं माझ्या मनचं होतं, असं जाहीर करायचं. अब्रू जाईल ती माझी जाईल, चाचांची नोकरी वाचेल. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं, स्वतःच्याच त्यागानं.

शनिवारी सकाळी ग्रुपवर लिहिलं, "पेट्रोलविषयीचा माझा संदेश माझ्या कल्पनेतील होता. पंपावरील कोणीही मला काहीही सांगितलेले नाही. क्षमस्व." हसणारे चेहरे धडाधड आले. इंजिनियरसाहेबांनी लिहिलं, "विज्ञान शिक्षकाने तरी अफवा पसरवू नयेत." मी ते गिळलं आणि पंपावर गेलो.

मालक केबिनमध्ये बसले होते. माणूस वाईट नव्हता. त्यांनी माझा मोबाईल हातात घेऊन मेसेज वाचला, चहा मागवला आणि म्हणाले, "सर, तुम्ही स्वतः आलात, बरं झालं. मग काही प्रश्नच नाही." शेजारी उभ्या मॅनेजरचा चेहरा पडला. मालकांनी चाचांना आत बोलावलं.

"चाचा, सर म्हणतात तुम्ही त्यांना काही बोललाच नाहीत. त्यांनीच मनानं लिहिलं. खरंय ना?"

एवढंच. एक 'हौ' म्हणायचं होतं. मी चाचांकडं बघून भुवया उडवल्या, डोळे बारीक केले, मान खालीवर केली. वर्गात कॉपी करणारी पोरं करतात ते सगळं केलं.

चाचांनी माझ्याकडं बघितलं. मग टोपी काढून हातात घेतली.

"बोललो व्हतो मालक."

"चाचा, नीट आठवा," मालक म्हणाले. त्यांनाही ते ऐकायचं नव्हतं.

"आठवतंय. सरांच्या गाडीला भारीवालं लागतच नाय. झाकनावर लिवलंय. चला, भाईर गाडी हाय, दाखवतो."

कुणीच उठलं नाही. मॅनेजर पुढं सरकून म्हणाला, "बघा, मी सांगत होतो." मालकांनी कपाळाला हात लावला. "आता मी काय करू चाचा? एकाला सोडलं तर उद्या सगळेच असं करतील."

"बरोबर हाय तुमचं," चाचा म्हणाले आणि टोपी टेबलावर ठेवून बाहेर गेले.

माझ्या समोर चहा आला होता. मी, घोषित खोटारडा, तो अर्धा पिऊन उठलो. का प्यालो ते अजून कळत नाही. न पिता उठायला हवं होतं.

चाचा रस्त्याच्या कडेला चालायला लागले होते. मी गाडी शेजारी नेली आणि दार उघडलं. आधी नक्को म्हणाले, मग बसले. इतकी वर्षं ती गाडी त्यांनी बाहेरून ओळखली, आत मात्र पहिल्यांदाच बसत होते. त्यांचे गुडघे डॅशबोर्डला लागत होते. पडेगाव येईपर्यंत मी तीन वेळा बोलायला तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा गिअर बदलला.

गल्लीच्या तोंडाशी त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. उतरले, आणि खिडकीपाशी वाकून म्हणाले, "सर, रागावनार नसाल तं एक बोलू?"

"चाचा, मला जोड्यानं मारा."

"नाय, तसं नाय. तुम्ही पयल्यांदा लिवलं, त्याचा मला राग नाय आला. वाईट वाटलं, पन राग नाय. खरंच तं लिवलं व्हतं. आज मातर लई लागलं. माझ्या नोकरीपायी एक मास्तर चार लोकांत खोटं बोलला. असं नव्हतं पायजे व्हायला. माफ करा मला."

माफी त्यांनी मागितली. मी मागायला निघालो होतो, तोवर ते गल्लीत वळले होते.

त्या रात्री मी ग्रुपवर तिसरा मेसेज टाकला. "माझा पहिला संदेश खरा होता. दुसरा खोटा होता. चाचांनी मला खरे सांगितले, आणि खरे बोलल्यामुळे त्यांची नोकरी गेली. दोष माझा आहे." इंजिनियरसाहेबांनी उत्तर दिलं, "सर, आधी नक्की काय ते ठरवा." त्याला एकवीस अंगठे आले. मी ते मोजले, कारण सवय जात नाही.

तो मेसेज मला चाचांना दाखवायचा होता. दोन वेळा पडेगावला गेलो. पहिल्यांदा दार बंद होतं. दुसऱ्यांदा शेजारच्या बाईंनी सांगितलं की ते गंगापूरकडं मेव्हण्याच्या गावी राहायला गेले. कारखान्यावर कसलंसं काम मिळालं म्हणे. धाकटी होस्टेलवर आहे आणि तिचं शिक्षण चालू आहे. ते चालू आहे ना, हे मी बाईंना दोनदा विचारून घेतलं.

"कोण आले होते म्हणून सांगू?" बाईंनी विचारलं.

मी तोंडावर आलेलं "सर" गिळलं. "चारशे सतरावाले म्हणून सांगा," म्हणालो आणि गाडीत येऊन बसलो. गाडी सुरू व्हायला जरा वेळ लागला, पण काय होतंय ते विचारायला कुणी नव्हतं.